गोशाळेच्या माळावरील वन्यजीव : प्रकल्प नोंदी, एप्रिल २०२४ ते जून २०२५

१४ एप्रिल २०२४

बारामती तालुक्यातील सुपे परिसरात आमच्या गोशाळेची जमीन आहे. गोठे, कडब्याच्या गंज्या आणि मक्याचे वावर वगळले, तर उरलेला सगळा भाग मुरमाड माळ आहे. मयूरेश्वर अभयारण्य येथून जवळच असून ते १९९७ साली चिंकारांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र मात्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर असल्यामुळे तेथील जनावरे हद्द पाळत नाहीत, आणि त्यांनी ती पाळावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. गोशाळा सुरू झाली ती भाकड गाई आणि थकलेल्या बैलांसाठी. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर येथे येणाऱ्या खिलार बैलांची आणि संकरित गोऱ्ह्यांची संख्या वाढली. वन्य प्राण्यांसाठी येथे मुद्दाम असे काहीच केलेले नव्हते. जमीन नांगरली गेली नाही, तिच्यावर औषध फवारले गेले नाही आणि शिकारीला कोणी आत येऊ शकले नाही, एवढ्यावर वन्य जनावरे आली.

या नोंदी सुरू करण्याचे तातडीचे कारण पाणी हे आहे. गेल्या ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या तालुक्यांत बारामतीचा समावेश होता आणि सध्या गोशाळेचे पाणी टँकरवर चालले आहे. गुरांच्या हौदापाशी लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात रात्री चिंकारा, खोकड, ससा आणि एकदा तरस असे पाहुणे मिळाले. चिंकारा पाल्यातल्या आणि दवातल्या ओलाव्यावर बराच काळ काढतो हे खरे. पण बोरीचा पालाही करपून गेला, की त्याला उघड्या पाण्यावर यावे लागते. हौदाची भिंत उंच असल्याने माद्या पुढचे पाय कडेवर टेकवून मान आत घालतात, हे छायाचित्रात स्पष्ट दिसते.

गुरांच्याच हौदावर हरणांनी पाणी पिणे योग्य नाही. लाळ्या-खुरकूत हा खुरांच्या जनावरांचा रोग असल्यामुळे तो गुरांकडून हरणांकडे जाऊ शकतो. म्हणून गोठ्यांपासून दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जमिनीच्या पातळीत उतरत्या काठाचा उथळ पाणवठा करावा आणि टँकरमधला ठरावीक वाटा तेथे सोडावा, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला आणि तो मंजूर झाला. त्याला एक अट जोडून घेतली : पाण्याखेरीज काहीही ठेवायचे नाही. मका, भुसा, गूळ यांपैकी काहीही नाही. रानातले जनावर माणसाच्या हातून खाऊ लागले, की ते शेजारच्या कुत्र्याच्या आणि फासेवाल्याच्याही टप्प्यात येते.

९ मे २०२४

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचे काम पूर्ण झाले. या भागात शेततळ्यांची संख्या वाढत गेली, त्याबरोबर त्यांत बुडून मरणाऱ्या प्राण्यांचीही वाढली. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली गेली, की उताराचे प्लास्टिक बुळबुळीत होते. तहानलेला प्राणी खाली उतरतो, पण त्याला वर चढता येत नाही, आणि तो कडेकडेने पोहत दमून बुडतो. शेजारच्या एका तळ्यातून आम्ही मेलेले खोकड काढले होते. त्याच्या पुढच्या पायांची नखे मुळापर्यंत झिजलेली होती आणि पाण्याच्या रेषेवर प्लास्टिकला हातभर लांब ओरखड्यांची झालरच लागली होती.

आमच्या तळ्याच्या चारही बाजूंना काथ्याच्या जाड दोराने बांधलेल्या जुन्या टायरांच्या शिड्या सोडल्या असून त्यांचे वरचे टोक काठावरच्या लोखंडी खुंट्यांना अडकवले आहे. पाणी कितीही खाली गेले तरी शेवटचा टायर तळाला टेकलेला राहील, एवढी लांबी ठेवली आहे. टायरांच्या मधल्या जागेत गोणपाट शिवले, कारण सशासारख्या लहान प्राण्याला टायरवरून टायरवर उडी जमत नाही. खर्च नाममात्र आला. तळ्यांची अनुदाने देताना ही शिडी सक्तीची का करत नाहीत, हे मला आजवर समजलेले नाही.

कठडा नसलेल्या जुन्या विहिरीलाही तीन फूट उंचीचा दगडी कठडा बांधून घेतला.

२१ जुलै २०२४

पाऊस यंदा वेळेवर आला आणि माळ हिरवा झाला, त्याबरोबर वृक्षारोपणाचा विषयही उगवला. एका देणगीदाराने माळावर हजार झाडे लावण्यासाठी रक्कम देऊ केली असून गिरिपुष्प, करंज आणि कडुनिंब अशी यादीही पाठवली आहे. विश्वस्तांपैकी बहुतेकांना त्यात गैर काही दिसले नाही, कारण झाड लावणे हे पुण्यकर्म आणि उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. सरकारी नकाशांतही गवताळ माळ पडीक जमिनीच्या रकान्यात जातो.

मी विरोध नोंदवला. बैठकीत मांडलेली कारणे पुढे येतील त्यांच्यासाठी येथे लिहून ठेवते. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुरमावर निसर्गाने जंगल उभे केलेले नाही. पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही गवते, अधूनमधून बोर, हिवर आणि खैर, एवढाच त्याचा बेत आहे. चिंकारा धोका दूरवरून पाहतो आणि पळून वाचतो. त्याला दाट झाडी नको असते. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. गिरिपुष्पाचा पाला हरीण खात नाही, आणि त्याच्या सावलीत गवत विरळ होत जाते. खुद्द गोशाळेच्या हिशेबानेही हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण माळावर कापले जाणारे गवत वर्षातले काही महिने गुरांचा निम्मा चारा पुरवते.

चर्चा लांबली. शेवटी देणगी नाकारायची नाही, परंतु झाडे गोठ्यांभोवती आणि बांधांवर लावायची, माळावर खड्डे घ्यायचे नाहीत आणि उरलेल्या पैशांतून माळात शिरलेली वेडी बाभूळ व घाणेरी मुळासकट काढायची, असे ठरले. देणगीदारांना हे कळवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. काढलेल्या बाभळीपेक्षा लावलेल्या झाडाचा फोटो अधिक चांगला येतो ही त्यांची अडचण मला समजते, पण तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

१८ सप्टेंबर २०२४

एक लहान, पण परिणामाने मोठा बदल. जंतनिर्मूलनासाठी सर्व गुरांना एकाच वेळी आयव्हरमेक्टिन टोचण्याची पद्धत बंद केली. या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्यात शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. शेणकिडे नसले, की पोवटा महिनोन्महिने तसाच वाळून पडतो, त्याखालचे गवत पिवळे पडते आणि खोकड, हुदहुद व साळुंक्यांचे हक्काचे खाणेही जाते. यापुढे शेणाची तपासणी करून ज्या जनावराला गरज आहे त्यालाच औषध द्यायचे, आणि ते दिलेली गुरे काही दिवस गोठ्याजवळच ठेवून त्यांचे शेण वेगळ्या खड्ड्यात टाकायचे. पशुवैद्यकांनी हे आनंदाने मान्य केले. गुराख्यांना मात्र रोज वेगळी टोपली भरण्याचा वैताग आहे आणि तो ते लपवत नाहीत.

१६ नोव्हेंबर २०२४

भोवत्या आले आहेत. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे हे शिकारी पक्षी संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि दिवसा नाकतोडे टिपत माळावर खालून तरंगत फिरतात. त्यांच्यासाठी गवतकापणीचे वेळापत्रक बदलले. पूर्वी दिवाळी उरकली, की सलग कापणी होत असे. आता माळाचे पट्टे पाडले असून बी गळून पडेपर्यंत कोणताही पट्टा कापायचा नाही, आणि ओढ्यालगतचा पट्टा मार्चअखेरपर्यंत उभा ठेवायचा. त्याउलट दक्षिणेकडच्या पट्ट्यावर गुरे नेहमीपेक्षा जास्त वेळ चारायची, म्हणजे उन्हाळ्यात तेथील जमीन धाविक आणि पखुर्डी या पक्ष्यांच्या विणीसाठी मोकळी राहील. चराई पूर्ण बंद केली की माळ सुधारतो, असे मानणारे अनेक भले लोक मला भेटतात. खुरांखाली न तुडवलेले गवत दोन-तीन वर्षांत स्वतःच्याच वाळक्या काडीखाली गुदमरते, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे लागते.

धनगरांचे वाडे याच सुमारास घाट उतरून कोकणाकडे निघाले आहेत. त्यांच्या मेंढ्या गेल्या, की लांडग्यांचे लक्ष आमच्या वासरांकडे वळेल, म्हणून वासरांच्या शेडची दारे दुरुस्त करून घेतली.

२२ डिसेंबर २०२४

अपेक्षा होती तसेच झाले. रात्री बाहेर राहिलेले एक गोऱ्हे लांडग्यांनी मारले. वनखात्याला कळवून पंचनामा करून घेतला. नुकसानभरपाई नियमानुसार मिळू शकते. पण ज्या जिवाला आपण आसरा देतो म्हणून आणले, तो आपल्याच आवारात मारला गेला, याची भरपाई कोणत्या तक्त्यात बसवायची, असे एका विश्वस्तांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. लांडग्यांना हुसकावण्याची सूचनाही पुढे आली. माझे म्हणणे असे, की गोऱ्ह्याला वाचवण्याची जबाबदारी आमची आहे आणि ती दार लावून पार पडते. लांडगा गेला म्हणून ती संपत नाही. उलट त्याची जागा मोकाट कुत्र्यांची टोळी घेते, आणि ती दिवसाही फिरते.

ओढ्याच्या घळीत लांडग्यांची जोडी बीळ उकरत असल्याची खूण आठवड्याभरापूर्वी मिळाली होती. दख्खनमध्ये लांडग्यांची पिल्ले हिवाळ्यातच जन्मतात. त्यामुळे घळीकडची पायवाट फेब्रुवारीअखेरपर्यंत पूर्ण बंद केली आहे. तिकडे कॅमेरा लावायचा नाही, पाहुण्यांना दुरूनही दाखवायचे नाही आणि ठिकाणाची चर्चा फोनवरील समूहांत करायची नाही. माणसाचा वास आला, की मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि नवी जागा आमच्या कुंपणाबाहेर, एखाद्याच्या उसाच्या बांधावर असू शकते.

लांडग्यांना आमच्याकडून खरा धोका आहे तो गोशाळेच्या कुत्र्यांचा. लोक रात्री फाटकाशी पिल्ले सोडून जातात, कारण येथे कोणी नाही म्हणत नाही. डिस्टेंपर आणि रेबीज हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून लांडगे, खोकड आणि तरस यांच्यात पसरतात. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर शिरला तेव्हा अनेक सिंह दगावले, हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले असून तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील सर्व कुत्र्यांची नसबंदी आणि दोन्ही लसी पूर्ण केल्या. रात्री ती गोठ्याच्या आवारात बंद राहतील. नवी पिल्ले शहरातील निवाऱ्यांकडे पाठवण्याची व्यवस्था लावत आहे. ती अजून पुरेशी नाही.

१२ जानेवारी २०२५

मृत जनावरांच्या विल्हेवाटीची पद्धत आज लेखी स्वरूपात लागू केली. वृद्ध गुरांच्या संस्थेत मरण ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मेलेले जनावर कसे टाकले जाते यावर तरस आणि गिधाडांचे जगणे-मरणे अवलंबून आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात गेल्यामुळे नव्वदच्या दशकापासून भारतातील गिधाडे कोसळली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक २००६ मध्ये, कीटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक २०२३ मध्ये, तर निमेसुलाइड अगदी आता, डिसेंबरच्या अखेरीस बंद झाले. असिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, त्यामुळे ते पर्याय म्हणून वापरणे ही निव्वळ फसवणूक होती. आमच्या औषधांच्या कपाटातून निमेसुलाइडच्या उरलेल्या बाटल्या काढून पशुवैद्यकांच्या ताब्यात दिल्या. वेदनाशामक म्हणून यापुढे फक्त मेलोक्सिकॅम वापरले जाईल.

प्रत्येक जनावराच्या कार्डावर शेवटच्या महिन्यातील औषधे लाल शाईने लिहिली जातील. जनावर बाहेरून आले असून आधीचे उपचार माहीत नसतील, त्याला भूल देऊन मरण दिले असेल किंवा ते घटसर्प, फऱ्या, लंपी यांसारख्या रोगाने गेले असेल, तर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरायचे. बाकीची माळाच्या उत्तर टोकाला उघड्यावर ठेवायची. तेथे मोकाट कुत्री जमतात ही अडचण शिल्लक आहे. भिंत बांधली तर तरसालाही अडवेल, म्हणून सध्या दिवसा राखण आणि रात्री मोकळीक अशी तडजोड चालू आहे.

या आठवड्यात दोन पांढरी गिधाडे उतरलेली दिसली. तरस तर नियमित येते. धुळीत त्याच्या पुढच्या पंजाचा ठसा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा उमटतो, आणि त्याची विष्ठा हाडांतील चुन्यामुळे वाळल्यावर खडूसारखी पांढरी होते. एका बैलाच्या पोटातून निघालेला प्लास्टिक पिशव्यांचा गोळा तरसाने बाजूला काढून ठेवलेला होता. बाकी सगळे, मांडीच्या हाडासकट, संपलेले होते.

२३ फेब्रुवारी २०२५

लगतच्या शेतकऱ्यांची बैठक गोशाळेत घेतली. तक्रार एकच होती : दिवसा आमच्या माळावर लपणारी रानडुकरे रात्री त्यांच्या मक्यात आणि भुईमुगात शिरतात. त्यात अतिशयोक्ती नाही. एका काकांनी सरळच सांगितले, “ताई, तुम्ही पुण्य करा, पण त्याचं बिल आम्हाला का लावता?” याला उत्तर देणे अवघड होते, आणि तसे मी त्यांना सांगितलेही.

वेड्या बाभळीची उरलेली बेटे हीच डुकरांची लपण्याची जागा असल्याने ती तोडण्याचे काम आधी घेऊ, एवढे आश्वासन आम्ही देऊ शकलो. सीमेवरच्या शेतांसाठी सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा विजेचा झटका सोडणारे यंत्र, घ्यायला गोशाळा निम्मा खर्च देईल. त्या बदल्यात कोणीही तारेत थेट वीज सोडायची नाही आणि फास लावायचे नाहीत, असे ठरले. थेट विजेच्या तारेने डुकराआधी माणूस मेल्याच्या बातम्या सर्वांना ठाऊक होत्या, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. आमच्या कुंपणाच्या काटेरी तारा मात्र वादाचा विषय झाल्या. खालची तार गुळगुळीत घेऊन जमिनीपासून दीड फूट वर बसवली, तर चिंकारा वाकून निघून जातो आणि काटेरी तारेत कातडी सोलून घेत नाही. पण त्याच फटीतून डुक्करही येते. शेवटी काकांच्या बाजूला झटका आणि अभयारण्याच्या बाजूला मोकळी फट, अशी वाटणी झाली.

वणवा अडवणारी जाळरेषा पूर्ण. कापलेले गवत गंजीला लागले.

११ एप्रिल २०२५

सकाळी एक मेंढपाळ घोंगडीत गुंडाळलेले चिंकाराचे पाडस घेऊन आले. घोंगडीच्या घडीतून फक्त कान आणि ओले काळे नाक बाहेर होते. जीव धडधडत होता, पण आवाज नव्हता.

“मामा, कुठं सापडलं?”

“त्या बोरीपाशी गवतात निपचित पडलं हुतं. आई न्हवती जवळ. कुत्री खातील म्हणून आणलं.”

हेतूत खोट नव्हती. चिंकाराची मादी पाडसाला गवतात दडवून दूर चरायला जाते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते. ती जवळ न थांबणे हाच पाडसाचा बचाव असतो. निपचित पडलेले पाडस टाकून दिलेले नसते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पिल्लू बाळगणे हा गुन्हा आहे. पिल्ले आणणाऱ्या माणसाला आधी कायदा ऐकवला, तर पुढच्या वेळी तो आपल्याकडे येत नाही, म्हणून मी त्यांना प्रथम चहा दिला. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून वनरक्षकांच्या सल्ल्याने पाडस त्याच घोंगडीत, शक्य तितके कमी हाताळत, त्याच बोरीपाशी नेऊन ठेवले आणि सर्वजण लांब बांधाआड बसलो. मामांची कुत्री खोपीवर बांधून ठेवायला लावली. ऊन चढल्यावर मादी आली. ती बराच वेळ उभी राहिली, पाय आपटले, मग गवतात मान घातली. मामांनी विचारले, की माणसाचा वास लागल्यावर आई पिल्लाला घेत नाही म्हणतात ते खोटे का? निदान या मादीपुरते ते खोटे ठरले.

गोशाळेत दुसऱ्या दिवशी फलक लावला : पाडस, ससुला किंवा पक्ष्याचे पिल्लू आणू नका, जागा सांगा, आम्ही येतो. गोशाळा सर्वांना आत घेते ही आमची ख्याती आहे, आणि या एका बाबतीत ती मोडून काढावी लागत आहे.

दक्षिण पट्ट्यात धाविकाची दोन अंडी मिळाली. खूण म्हणून दगड किंवा काठी ठेवली नाही, कारण कावळे खुणा वाचायला आपल्यापेक्षा हुशार असतात. गुरांची वाट तेवढी पलीकडून वळवली.

२ जून २०२५

मे महिन्याच्या अखेरीस मान्सून नेहमीपेक्षा बराच लवकर आला आणि बारामती, इंदापूर व दौंड तालुक्यांत त्याने अक्षरशः धुमाकूळ घातला. आमच्या ओढ्याला रात्रीतून पूर आला. गुरे सुरक्षित आहेत. दोन गंज्या मात्र भिजल्या. धाविकाची अंडी पावसाआधीच फुटलेली होती, परंतु उशिरा अंडी घातलेल्या पखुर्ड्यांची घरटी पाण्याखाली गेली. लांडग्यांच्या घळीत कमरेइतका गाळ आहे. पिल्ले मार्चमध्येच तेथून निघून गेली होती, तेव्हा तेथे हानी नाही. पण पुढच्या हिवाळ्यात ही जागा वापरात येईल का, हे गाळ बसल्यावर दिसेल. तो आपण उपसायचा नाही, असा माझा आग्रह आहे.

अभयारण्याच्या बाजूला कुंपणाखालची फट पुरात वाहून आलेल्या काटक्यांनी आणि मातीने पूर्ण बुजली असून चिंकारांच्या खुरांचे ठसे तारेपर्यंत येऊन परत फिरलेले आहेत. ती मोकळी करण्यासाठी उद्या चार माणसे लावली आहेत. शेततळे काठोकाठ भरले आहे. टायरच्या एका शिडीचा दोर कुजलेला निघाला, तो या आठवड्यात नायलॉनचा घ्यायचा. पाणवठ्याचा टँकर आजपासून बंद.